पहिल्या दिवसाचा रकाना

शाळेतली मुलं किती तंदुरुस्त आहेत, हे मी गेली चोवीस वर्षं घरी बसून ठरवत आलो. बहुतेक वेळा चहा पिताना.

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. दर वर्षी जूनमध्ये एक आणि मार्चमध्ये एक अशा दोन क्षमता चाचण्या घ्यायच्या असतात. मुलगा किती धावला, किती बैठका मारल्या, किती वजन उचललं, सगळं तक्त्यात भरायचं. आमच्या शाळेत एका वर्गात साठ मुलं आहेत. मैदान एकच, त्याच्या निम्म्यावर मोटारसायकली लावलेल्या. आणि शिक्षक मी एकटा, ज्याला शिष्यवृत्तीचे अर्ज, खिचडीचा तांदूळ आणि निवडणुकीची यादी हीही कामं आहेत. तेव्हा चाचणी घेतली जात नाही, भरली जाते. जिल्ह्यातले आम्ही सगळे क्रीडाशिक्षक बैठकीला जमलो की एकमेकांना "चाचणी घेतली का?" असं कधीच विचारत नाही. विचारतो, "भरली का?"

या भरण्यालाही कसब लागतं. आकडा फार कमी लिहिला तर त्या मुलासाठी वैद्यकीय तपासणीचा फॉर्म तीन प्रतींत करावा लागतो. फार जास्त लिहिला तर वरून फोन येतो की या गुणी खेळाडूला स्पर्धेला पाठवा. म्हणून सगळी मुलं मध्यम ठेवायची. जूनमध्ये जरा कमी मध्यम, मार्चमध्ये जरा जास्त मध्यम. माझ्या हाताखालून हजारो मध्यम मुलं गेली. त्यांत दम्याची असतील, उपाशी असतील, एखादा खरोखरचा पैलवानही असेल. मला माहीत नाही.

अशा माणसाला सरकारने तुरुंगात पाठवलं. शिकवायला.

योजनेचं नाव इतकं लांब होतं की ते छापण्यात पत्राचा पहिला परिच्छेद संपला होता. थोडक्यात, तुरुंगातल्या अठरा ते एकवीस वयाच्या पोरांना आठवड्यातून तीन दुपारी ताकदीचे व्यायाम शिकवायचे. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुमची शरीरयष्टी बघूनच नाव सुचवलंय." माझ्या पोटाकडे बघताना त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता. खरं म्हणजे बाकी कुणी तयार झालं नव्हतं.

तुरुंगात ताकदीचे व्यायाम घ्यायचे तर पहिली अट, लोखंड आत न्यायचं नाही. म्हणजे डंबेल नाही, बारबेल नाही. बाकीच्या अटी मला बरॅकीवरच्या शिपायाने सांगितल्या. निवृत्तीला आलेला माणूस, दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे दुसऱ्याने व्यायाम केलेला त्याला मनापासून आवडायचा नाही.

"पळवू नका पोरांना," तो म्हणाला.

"का?"

"कैदी पळताना दिसला की मला शिट्टी मारावी लागती. तुमच्या तासाला रोज शिट्ट्याच मारत बसू का?"

"बरं. बारला लटकून पुलअप्स घेतो."

"म्हंजे भितीवर चढायचं शिक्षन! घ्या की. साहेबांना सांगून घ्या."

"उड्या?"

त्याने नुसतं भिंतीकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

राहिलं काय, तर उठाबशा, जोर आणि ओझं उचलणं. ओझ्यासाठी तुरुंगातल्या शिवणकामाच्या खोलीत पोती शिवून घेतली. आमच्या सोलापुरी चादरींचं डागी कापड आलं होतं, त्याची दुहेरी पोती. त्यांत वाळू. पाच किलोपासून साठ किलोपर्यंत. स्वयंपाकघरात पिठाची पोती तोलायचा टांगता काटा होता, त्यावर तोलून प्रत्येकावर रंगाने आकडा टाकला. देशभर लोक जे पांघरून सुखाने झोपतात, ते आमची पोरं घाम गाळत छातीशी धरणार होती.

पहिल्या दिवशी बावीस पोरं रांगेत उभी राहिली. एकेकाने पोतं जमिनीवरून उचलून कमरेपर्यंत आणायचं. शेवटून तिसरा एक एकोणीस वर्षांचा पोरगा होता, इतका लुकडा की सदऱ्यात कुणी आहे की नाही ते वाकून बघावं. त्याने वीस किलोचं पोतं धरलं. गुडघ्यापर्यंत आणलं, तोंड लाल झालं आणि पोतं सुटून त्याच्याच पायावर पडलं.

"अरे, बोरी को बोलो, इसकू उठा ले!" मागून एकजण ओरडला आणि सगळी रांग खिदळली.

शिपायाने विचारलं, "कशात आलायस रं तू?"

"चोरी."

"काय चोरलं, पेन?"

पोरगा पाय चोळत म्हणाला, "मोटार. अक्कलकोट रोडला लूमवर कामाला हुतो, टावेल घड्या घालायला. तितली मोटार ग्येली. पन्नास किलोची हाय म्हनत्यात. म्यानंच एकट्यानं उचलून भितीवरनं टाकली म्हनं."

यावर जे हसू उसळलं, त्यात शिपाई होता, बावीसच्या बावीस पोरं होती, कारण तो स्वतःही हसला, आणि मीही होतो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. लिहिलं मात्र काहीच नाही. तक्ता अजून वरून आला नव्हता, आणि तक्ता आल्याशिवाय कागदावर पेन टेकवायचं नाही हे माझ्या नोकरीचं पहिलं तत्त्व.

तक्ता दीड महिन्याने आला, छापील रजिस्टरच्या रूपात. पहिलाच रकाना होता 'प्रशिक्षणापूर्वीची चाचणी : उचललेले कमाल वजन'. खाली टीप की चाळीस किलोच्या आतली नोंद 'दुर्बल' समजावी आणि वैद्यकीय फॉर्म तीन प्रतींत जोडावा. मी एका रविवारी सकाळी पोह्यांची बशी शेजारी ठेवून तो रकाना भरला. शेहेचाळीस, पन्नास, अठ्ठेचाळीस, चोपन्न. हात इतका सरावलेला होता की नावंही वाचली नाहीत. बायको बशी उचलायला आली आणि तिने तक्त्यात डोकावलं.

"तुरुंगातली पोरं आपल्या दहावीपेक्षा दणकट दिसतात," ती म्हणाली.

"तिथली हवा चांगली आहे," मी म्हणालो.

त्या लुकड्याच्या नावापुढे मी लिहिलं होतं बावन्न.

आता कबूल करायला विचित्र वाटतं, पण त्या दिवसांत मी आयुष्यात पहिल्यांदा खरंखुरं शिकवत होतो. दुसरा इलाजच नव्हता. तुरुंगात शिष्यवृत्तीचे अर्ज नसतात, खिचडी नसते, मोबाइल फाटकावर जमा करावा लागतो. चार भिंतींत दीड तास पोरांकडे बघण्यावाचून काही करता येत नाही, आणि बघितलं की चुका दिसतात. पाठ गोल करून उचलू नको, पोतं पायाशी घे, ताकद कमरेतनं येऊ दे. पोरं ऐकायची. दर पंधरवड्याला एक पोतं वरचं. त्यानंतरच्या चाचण्या मी खऱ्या घेतल्या, शिपायाने काटा धरला, आकडे त्याच्यासमोर लिहिले. लुकडा दुसऱ्या महिन्यात तीसवर आला, चौथ्यात पंचेचाळीस. रोजचं ठरलेलं जेवण, वर दुसऱ्यांच्या उरलेल्या भाकऱ्या. बाहेर त्याला तेवढंही मिळत नव्हतं. सहाव्या महिन्यात त्याने पंचावन्नचं पोतं उचललं, छातीशी धरून मैदानाला अर्धी फेरी मारली आणि माझ्यापुढे आणून ठेवलं.

"सर, खांदं बघा की," तो म्हणाला. खांदे होते.

भेटीच्या दिवशी त्याची आई फाटकावर भेटली. मला म्हणाली, "पोराला लई अंग आलंय सर. घरी असताना कदी आलं न्हवतं." मी नम्रपणे मान झुकवली, जणू तुरुंगाची कल्पना माझीच होती.

यानंतर लुकड्याच्या वकीलबाई आल्या. सरकारकडून मिळणाऱ्या मोफत वकिलांपैकी, तिशीच्या आतल्या, एप्रिलच्या उन्हात काळा कोट घालून कोर्टाच्या पायऱ्या दिवसाला दहा वेळा चढणाऱ्या. त्यांनी मला शाळेत फोन केला. त्यांचा मुद्दा साधा होता. पोलिसांचं म्हणणं, पोराने एकट्याने मोटार भिंतीवरून टाकली. ती टाकणारे दुसरेच कुणी होते, आणि हे दाखवायचं तर पोराच्या अंगात तेव्हा तेवढी ताकद नव्हती हे दाखवावं लागेल. पण कोर्टात आता जो उभा राहतो तो चांगले खांदे असलेला जवान दिसतो. तेव्हाचा पुरावा हवा.

"तो म्हणतो, आत आला त्याच आठवड्यात सरांनी चाचणी घेतली, त्यात वीस किलोही उचललं नाही. सरांनी लिहून ठेवलंय म्हणतो. खरंय ना?"

"चाचणी घेतली होती," मी म्हणालो.

बघा, वाक्य खरं आहे. चोवीस वर्षांच्या अनुभवाशिवाय असं वाक्य सुचत नाही.

"मग मी कोर्टातर्फे ते रजिस्टर मागवून घेते," त्या खुशीने म्हणाल्या. "सर, आमचा जामीन तुमच्या रजिस्टरवर उभा आहे."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. फोन चालू होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. त्याऐवजी मी विचार केला की आठवडाभर वेळ आहे, पान बदलता येईल. दुसऱ्या दिवशी तुरुंगात गेलो तर रजिस्टर तिथल्या कार्यालयात जमा होऊन त्यावर शिक्का बसलेला. मग मी विचार केला की कोण बघतंय एवढं बारीक. आमच्या खात्यात चोवीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.

कोर्टात बघतात. तारखेला वकीलबाईंनी रजिस्टर मोठ्या विश्वासाने मागितलं, आणि ते वाचून दाखवलं समोरच्या सरकारी वकिलांनी. प्रशिक्षणापूर्वी, म्हणजे गुन्ह्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, आरोपीने बावन्न किलो उचलल्याची नोंद आहे. मोटार पन्नासची. जामीन नाकारला गेला.

वकीलबाई मला सात रस्ता चौकाजवळच्या चहाच्या टपरीवर भेटल्या. चहा त्यांनी घेतला नाही.

"अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"मग त्याने बावन्न उचललं होतं?"

आणि मी म्हणालो, "नोंद आहे म्हणजे उचललं असेल."

हे वाक्य मी इथे लिहितोय, कारण मागच्या सगळ्या गोष्टींना आळस म्हणता येईल, सवय म्हणता येईल. याला म्हणता येत नाही.

पुढच्या तासाला पोरगा मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसून होता. बाकीचे पोती उचलत होते.

"काय झालं? उठ, तुझं पंचावन्न तुझी वाट बघतंय," मी म्हणालो. आवाज फार मोकळा लावला होता.

"म्या न्हाई उचलनार सर."

"का?"

"बाई म्हनल्या, फुडच्या तारखेला जरा दुबळा दिस. भाकरी पन एकच खातो आता." मग तो हसला. "आनि सर, बाईंना तुमचं अक्षर वाचता ईना. बावन्न लिवलंय म्हनत्यात. म्या भांडलो. म्हनलं आमचं सर तसलं न्हाईत, तुमी नीट वाचा. वीस आसंल, न्हाईतर बारा आसंल."

शिपाई शेजारी खुर्चीवर बसला होता. तो खुर्चीतल्या खुर्चीत जरा हलला. मी पोराच्या शेजारी मातीत बसलो. माझ्या वयात आणि घेरात असं बसणं हाच एक व्यायाम आहे.

"बावन्नच लिहिलंय," मी म्हणालो.

"कुनी?"

"मी."

"पन तुमी बघितलं हुतं की! पायावर पडलं माज्या."

"बघितलं. तेव्हा लिहिलं नाही. नंतर घरी बसून भरलं."

त्याला ते कळायला वेळ लागला. "मग ते बावन्न कुनाचं हाय?"

"कुणाचंच नाही."

त्याने पोतं पडलं होतं तो पाय चोळला. मग म्हणाला, "तुमी लई हसला हुता तवा. मला वाटलं, एवढं हसल्यात म्हंजे ध्यानात र्‍हाईल."

"ध्यानात आहे."

"मग जजला सांगा की."

"सांगितलं तर माझ्या नोकरीवर येईल."

"मला नोकरी न्हाई सर," तो म्हणाला. "त्यातलं मला काय कळनार."

शिपाई खुर्चीतून न बघताच बोलला, "सर, मला निवृत्तीला चार महिनं राहिल्यात. तरी मी सांगतो, हसलो हुतो आमी. इचारलं तर सांगीन. पन आदी तुमी."

मी घरी जाऊन लगेच प्रतिज्ञापत्र केलं असं लिहायला मला आवडलं असतं. अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी एक अर्ज तयार केला, ज्यात 'लेखनप्रमादाने' असा सुंदर शब्द होता. वीसचा बावन्न लेखनप्रमादाने झाला. बायकोने तो वाचला आणि विचारलं, "आणि बाकी एकवीस जणांचेही प्रमादच झाले?" अर्ज फाडला. आमच्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ सरांना सल्ल्यासाठी फोन केला, तर ते घाबरेघुबरे झाले. "अहो, एका चोरट्या पोरासाठी अख्ख्या जिल्ह्याचे तक्ते उघडे पाडता का? उद्या सगळ्या शाळांचा पहिला रकाना तपासतील! काही समाजाचं भान आहे की नाही तुम्हाला?"

त्या अकरा दिवसांत पोरगा दर तासाला लिंबाखाली बसून राहिला. खांदे उतरायला लागले. मी सहा महिने खपून चढवलेले खांदे, आणि ते उतरावेत म्हणून तो रोज एक भाकरी परत करत होता. माझ्या अध्यापनाचा परिणाम इतका मोजता येण्यासारखा याआधी कधी झाला नव्हता.

बाराव्या दिवशी मी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, टाइप करून घेतलं, सही घेतली. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "सर, एक लक्षात घ्या. 'मी खोटं लिहिलं' असं सांगणाऱ्याचं खरंही कुणी पटकन धरत नाही."

कोर्टात न्यायाधीश मॅडमनी प्रतिज्ञापत्र वाचलं आणि मला पुढे बोलावलं.

"पहिल्या रकान्यातले सगळे आकडे खोटे आहेत?"

"सगळे."

"नंतरचे?"

"खरे आहेत. तेव्हा शिपायांनी काटा धरला होता."

"मग पहिल्या दिवशी या मुलाने किती उचललं?"

"वीस किलोचं पोतं गुडघ्यापर्यंत. मग ते पायावर पडलं."

"इतकं नेमकं तुम्हाला कसं आठवतं?"

"आम्ही सगळे हसलो होतो, मॅडम."

पोरगा मागे पोलिसांशेजारी उभा होता. भरल्या कोर्टात त्याचा दुबळेपणा मी मोठ्याने सांगितला, आणि त्याने मान खाली घातली. खांद्यांचा त्याला फार अभिमान होता.

"आणि बाकीच्या एकवीस मुलांनी किती उचललं?" मॅडमनी विचारलं.

मी आठवायचा प्रयत्न केला. रांग आठवली, ऊन आठवलं. एकाचाही आकडा आठवला नाही.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

जामीन मिळाला. आदेशात पोराचं वय होतं, पूर्वीचा गुन्हा नसणं होतं, तपास संपलेला असणं होतं. माझ्याबद्दल एकच ओळ होती, की सदर नोंदवहीवर विसंबता येत नाही. माझ्या नोकरीत माझ्या कामावर आलेला हा एकमेव खरा शेरा. खटला अजून उभा आहे, पण पोरगा घरी आहे. सुटताना तो मला भेटला नाही. मी फाटकावर नव्हतो, खात्याच्या नोटिशीला उत्तर लिहीत होतो.

नोटिशीसोबत तुरुंगातली नेमणूकही संपली. रजिस्टर कोर्टातून परत आलं होतं. ते आणि पोती ताब्यात देण्यासाठी मला शेवटचं एकदा आत सोडलं. बातमी माझ्याआधी बरॅकीत पोचली होती. पोरं पोत्यांकडे गेली नाहीत, माझ्याभोवती जमली.

"सर, माजं किती लिवलंय?" एकाने विचारलं.

मी पान उघडलं. "चोपन्न."

"म्या तीसला हात टेकलं हुतं!"

"मेरा, सर?"

"शेहेचाळीस."

"हाथ टूटेला था मेरा तब. बैठ के देखा मैं."

एकेकजण पुढे येत होता. मी आकडा वाचायचो, ते काय घडलं होतं ते सांगायचे, मी लाल पेनने आकड्यावर रेघ मारायचो. काहींना गंमत वाटत होती. एकाला तारीख जवळ आली होती, त्याने दोनदा विचारलं, "हे कोर्टात जानार न्हाई ना सर?" मी नाही म्हणालो आणि मग म्हणालो, मला माहीत नाही.

शेवटी एक बुटका पोरगा उरला. त्याच्या नावापुढे अठ्ठेचाळीस होतं.

"तू किती उचललं होतंस?" मी विचारलं.

"म्या त्या दिवशी हितं न्हवतोच सर," तो म्हणाला. "म्या त्यानंतर महिन्यानं आलो, एकजन सुटला त्येच्या जागी."

मी अठ्ठेचाळीसवर रेघ मारली. तो वाकून पानात बघत राहिला.

"मग आता तितं काय लिवनार?"

"काही नाही. मोकळं ठेवणार."

"न्हाई सर, लिवा की," तो म्हणाला. "न्हवता म्हनून लिवा."

मी त्याच्यासमोर लिहिलं. त्याने बोटाने अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि मग बाजूला झाला.